हृदयाचे राखीव गडी

२ जुलै २०१२, सोमवार

डॉक्टरांनी रोज रक्तदाब लिहून ठेवायला सांगितलंय. त्यासाठी वकारने त्याच्या क्लासची डायरी आणून दिली. वकार म्हणजे माझा मित्र निजामोद्दीन याचा धाकटा. लातुरात बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि चौकाचौकांत त्याचे फोटो लागलेत. डायरीच्या प्रत्येक पानावर तो खाली हाताची घडी घालून उभा आहे. आज त्याच्या डोक्यावर १५०/९० लिहिलं आणि जागा उरली, म्हणून हेही लिहितो.

पहिल्या पानावर ‘नाव’ आणि ‘माझे ध्येय’ असे दोन रकाने आहेत. नाव : सिद्रामप्पा, निवृत्त क्रीडाशिक्षक. ध्येय : ऑपरेशन टाळणे.

गेल्या महिन्यात मैदानावर पोरांना पळायची शिस्त लावताना छातीत कळ आली. नांदेडला नेलं. तीन नळ्या तुंबल्यात, हृदयाचा एक कोपरा मेलाय, दोन महिन्यांच्या आत छाती उघडून बायपास करा, असं तिथले डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं वय पस्तिशीचं. मी त्यांना सांगितलं, स्नायू काय असतो ते मला शिकवू नका. त्र्याण्णवच्या भूकंपात ही उजवी मांडी तुळईखाली चेंगरली होती. मांस राहिलं नव्हतं. दीड वर्ष तेल चोळलं, बैठका मारल्या, आणि आली की नाही परत? हृदय हाही स्नायूच. मांडीला जमलं ते छातीला का जमू नये?

यावर आमची तारामती म्हणाली, “मांडी तुमचं ऐकती. काळीज कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई.” सबंध नांदेडच्या दवाखान्यासमोर म्हणाली.

५ जुलै

मोरीमागे बैठका मारताना पकडला गेलो. आमच्या गल्लीत आता एकही घर घर उरलेलं नाही, सगळ्यांनी खोल्या क्लासच्या पोरांना दिल्यात. आमच्याकडेही आठ पोरं आहेत. एवढे डोळे असल्यावर गुप्त व्यायाम कसा व्हायचा?

संध्याकाळी निजाम आला. त्याचं ताडपत्रीचं दुकान आहे, भूकंपाच्या वेळी औशाला होतं, आता लातूरला. आल्या आल्या म्हणाला, “क्या मास्तर, बैठका मारून राहिला म्हणे. एक्काहत्तर साली मारल्या असत्या, तर पाठ लागली नसती.”

याला उत्तर दिलंच पाहिजे, म्हणून लिहून ठेवतो. एक्काहत्तर साली औशाच्या किल्ल्याखालच्या मैदानात आमची कुस्ती झाली, ती पंचांनी बरोबरीत सोडवली. माझी पाठ मातीला लागली नव्हती. हा माणूस एक्केचाळीस वर्षं लागली म्हणतोय. याला वेळकाळ नाही. भूकंपात मी नोकरीच्या खेड्यातल्या खोलीत ढिगाऱ्याखाली होतो, वर दगडमाती, हात हलवता येईना, अंधार. हा औशाहून ट्रक घेऊन आला, मला आवाजावरून हुडकलं, आणि बाकीचे लोक दगड काढत असताना वरून काय ओरडत होता? “सिद्राम, तुझी पाठ लागली होती!” मी खालून ओरडायचो, “नव्हती!” सकाळपासून दुपार होईपर्यंत हेच. मी गप्प झालो की हा पुन्हा सुरू. मला इतका राग आला की मरायचं राहूनच गेलं. माणूस मरणाच्या दारात आहे आणि याला कुस्ती सुचते. असला भांडखोर मित्र वैऱ्यालाही मिळू नये.

असो. आज त्यानेच तोडगा काढला. “माझा लेक हेच शिकवतो. जा, त्याच्या वर्गात बस. चाचणीची उत्तरसूची जे म्हणंल ते मान, ती ‘न्हाई’ म्हणाली तर ऑपरेशन.” तारामती लगेच म्हणाली, “घ्या माझी शपथ.” उत्तरसूची म्हणजे आम्हा मास्तर लोकांना वेदवाक्य, तिला नाही कसं म्हणणार? घेतली शपथ. मग ती आणि निजाम एकमेकांकडे बघत राहिले. चहात साखर जास्त झाली असावी.

९ जुलै

वर्गात तीनशे पोरं. मी शेवटच्या बाकावर. शेजारी निजामची नात मनतशा, लेकीची लेक, अहमदपूरहून शिकायला आलीय. पोरगी हुशार, पण पाठीत वाकून बसते. आधी ताठ बसवली.

हॉलला एसी आहे, त्यामुळे दार लावून घेतात. मी दारात पाय ठेवून बसलो. शिपाई म्हणाला, गार हवा चालली बाहेर. मी म्हणालो, मोकळी हवा आत येतेय त्याचं काय? दिवसभर पाय काढला नाही. मोकळ्या हवेचं महत्त्व आजकाल कुणाला उरलेलं नाही. मी बारा महिने पडवीतच झोपतो, तेही कुशीवर. पैलवानाने पाठ टेकवून झोपू नये.

हजेरीला “येस सर” म्हणावं लागलं. ज्याच्या चड्डीची नाडी मी बांधली त्याला. त्यानेही स्टेजवरून खाली येऊन माझ्या पाया पडून घेतलं, आणि तीनशे पोरांसमोर वर्गाची शिस्त गेली.

१४ जुलै

आजचा दिवस सोन्याचा. स्नायूंचा धडा होता. स्नायूच्या प्रत्येक धाग्याच्या कडेला काही पेशी झोपून असतात म्हणे. एरवी त्यांना काही काम नाही. धागा फाटला, चेंगरला की जाग्या होतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. बऱ्याचशा जाऊन फाटक्या धाग्याला मिळतात, आणि काही शहाण्या परत झोपायला जातात, पुढच्या वेळेसाठी. पोरं त्यांना सॅटेलाईट सेल म्हणतात. मी वहीत ‘राखीव गडी’ असं लिहिलं. कबड्डीत सात जण मैदानात आणि बाकीचे बाकावर. कुणी लंगडला की बाकावरचा उठतो.

म्हणजे माझी मांडी तेलाने नाही, या गड्यांनी परत आणली. मी उभा राहून टाळी वाजवली. तीनशे पोरांनी वाजवली. वकारला वाटलं त्याच्यासाठी.

रात्रीच्या जेवणात तारामतीला सांगितलं, “बघ, विज्ञान माझ्या बाजूचं आहे.” ती म्हणाली, “धडा संपू द्या की.”

१९ जुलै

धडा संपला.

हृदयाच्या बाकावर कुणीच नाही. निदान मांडीत असतात तसले गडी नाहीत. आईच्या पोटातून जे उतरले, जवळपास तेवढेच शेवटपर्यंत खेळतात. झटक्यात मेले त्यांच्या जागी नुसता व्रण भरतो. व्रण जागा फाटू देत नाही, पण आकुंचन पावत नाही. उभा राहतो, खेळत नाही.

मी हात वर केला. “सर, माझ्या मांडीत राखीव गडी पुष्कळ आहेत. त्यातले पाच-पन्नास वर पाठवले तर?” पोरं हसली. वकार हसला नाही. म्हणाला, “चाचा, मोठमोठ्या डॉक्टरांनी करून बघितलंय ते. मांडीतल्या पेशी काढल्या, वाढवल्या, पेशंटच्या हृदयात टोचल्या. त्या जगल्या पण. पण राहिल्या मांडीच्याच. शेजाऱ्याचा ठेका त्यांना कळत नव्हता. काहींच्या हृदयाची लय बिघडली.”

हे मला लगेच पटलं. पंधरा ऑगस्टच्या संचलनात शेजारच्या शाळेची एक रांग घुसवली होती एकदा. गडी तगडे होते, पण आमच्या ढोलावर पाय पडेना. शेवटी आमचीही रांग मोडली.

चाचणी पाच ऑगस्टला आहे. उत्तरसूची बघितल्याशिवाय मी हार मानणार नाही.

२६ जुलै

एसटीने अहमदपूरवरून नांदेड. सोबत निजाम. दवाखान्यात लिफ्ट होती, पण व्यायाम म्हणून मी जिन्याने गेलो. चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा बोलता येईना. डॉक्टर निजामवरच ओरडले.

मग हृदयाचा फोटो काढायच्या खोलीत नेलं. तिथे दिवा मालवतात आणि दार लावतात. मी पाचच मिनिटांत उठून बाहेर आलो, घामाने सदरा भिजला होता. यंत्रात काहीतरी बिघाड असावा, खोलीत हवाच नव्हती. निजाम उठला आणि माझ्याबरोबर आत आला. दाराच्या फटीत त्याने चप्पल घालून ठेवली. बाई म्हणाल्या, “काका, दार लावा.” हा म्हणतो, “बाई, दार फुगलंय, लागंना.” नवा कोरा दवाखाना आणि दारं अशी. फोटो मात्र झाला.

परत येताना एसटीत तो एकदाही एक्काहत्तर सालाबद्दल बोलला नाही. तब्येत बरी नसावी त्याची.

१ ऑगस्ट

तारामती हल्ली रोज निजामच्या घरी जाते. त्याच्या बायकोकडून, चांदबी वहिनींकडून, दम का खिचडा शिकतेय म्हणे. महिना झाला, अजून घरात एकदाही शिजला नाही. आज तिथे निजाम आणि वकारही होते, आणि मी गेलो तसे चौघे एकदम पावसापाण्याचं बोलायला लागले.

५ ऑगस्ट, रविवार

चाचणी झाली. प्रश्न सदतिसावा : प्रौढ माणसाच्या हृदयात नव्या स्नायूपेशी तयार होतात का? (अ) होतात. (ब) होत नाहीत. (क) बैठका मारल्याने होतात. (ड) मांडीतून येतात.

पर्याय इतके नेमके होते की पेपर काढणाऱ्याचा अभ्यास जाणवला. मी ‘अ’ काळा केला. ‘क’चा मोह झाला होता.

घरी आलो तर तारामतीने बॅग भरून ठेवलेली. टॉवेल, दोन धोतरं, विभूतीची वडी. मी म्हणालो, “उत्तरसूची उद्या लागायची हाय.” म्हणाली, “बॅगला हवा लागू द्यावी.”

६ ऑगस्ट

सूचीत ‘ब’ आहे. होत नाहीत.

मी शपथेचा माणूस. पण शाळेत तीस वर्षं काढलीत. सूचीवर हरकत घेता येते हेही मला माहीत आहे. हरकत घेतली.

८ ऑगस्ट

वकार रात्रंदिवस इंटरनेटवर वाचत बसला होता. पोरगा सच्चा आहे, बापासारखा नाही. आज वर्गात उभा राहून म्हणाला की चाचांची हरकत अगदीच चूक नाही. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत जो कार्बन पसरला, त्यावरून शास्त्रज्ञांनी माणसाच्या हृदयातल्या पेशींचं वय काढलंय. काही पेशी खरंच नव्या असतात. तरुणपणी वर्षाला शेकडा एक, म्हातारपणी शेकडा अर्धी. बॉम्बसुद्धा माझ्या बाजूने निघाला.

प्रश्न रद्द, माझी शपथही सुटली. सगळ्यांना गुण. तीनशे पोरांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. तेही बघण्यासारखं होतं, दम नाही एकाच्याही खांद्यात.

घरी तारामती वकारला म्हणत होती, “लेकरा, येवढं एकच उत्तर व्हतं तुझ्याकडं.” वकार मान खाली घालून म्हणाला, “चाची, खोटं कसं शिकवू?” माझे गुण वाढल्याचं तिला कसलंच कौतुक नाही. रात्री ती जेवली नाही.

९ ऑगस्ट

मनतशाने हिशोब मांडला. म्हणाली, “अप्पा आजोबा, वर्षाला अर्धा टक्का. तुमचा हृदयाचा पाव भाग गेलाय. नुसता आकडा धरला तरी पन्नास वर्षं लागतील. आणि त्या नव्या पेशी रोजची झीज भरून काढायलाच पुरत नाहीत. मेलेला भाग त्या भरत नाहीत.”

म्हणजे एकशे तेराव्या वर्षी मी तंदुरुस्त. तिला म्हणालो, तेव्हा ये बघायला.

१७ ऑगस्ट

सकाळी दूध आणायला गेलो तर कोपऱ्यावर कळ आली. डाव्या हातात उतरली. औषधाची गोळी जिभेखाली धरून लाईटच्या खांबाला टेकलो. वर वकारचा फोटो होता. ‘यशाचा एकच मार्ग.’

कुणाला सांगितलं नाही. दूध घेऊन आलो. पातेल्यात ओतताना अर्धं बाहेर सांडलं. तारामतीने पुसून घेतलं आणि भरलेली बॅग दाराशी आणून ठेवली.

१८ ऑगस्ट

निजाम आला. कुस्तीचं काढेल म्हणून मी तयारीत होतो. तर माझ्या खाटेवर बसून हळू आवाजात म्हणाला, “सिद्राम, डर लागून राहिला का तुला? उताणं पडायचं, हात बांधलेले, अंधार...”

मी त्याला घराबाहेर काढलं. डर म्हणे. मला. पंचक्रोशीत विचारा. माझा आक्षेप निव्वळ शास्त्रीय आहे. निजामशी बोलणं बंद.

२४ ऑगस्ट

सहा दिवस कुणी पाठ लागली म्हणालं नाही. घर फार मोठं वाटतंय.

२७ ऑगस्ट

मनतशा तिची वही घेऊन आली. म्हणाली, “एक शंका आहे. तुम्ही ऑपरेशनने मेलेला भाग परत येत नाही म्हणून नको म्हणताय का?” मी म्हणालो, अर्थात. मढ्याला रक्त पाजून काय उपयोग? ती म्हणाली, “पण आजोबा, ते मेलेल्यांसाठी नसतंच. जे जिवंत आहेत आणि उपाशी खेळतायत, त्यांच्यापर्यंत रक्त पोचावं म्हणून असतं. तुम्ही सगळा धडा राखीव गड्यांचा वाचला. मैदानातल्यांचं काय?”

मी तिला जायला सांगितलं.

आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्र्याण्णव साली त्या गावात माझा कबड्डीचा संघ होता. सातातले चौघे भूकंपात गेले. मी दवाखान्यातून काठी टेकत आलो तेव्हा उरलेली पोरं पत्र्याच्या शेडबाहेर बसलेली. मी म्हणालो, स्पर्धा राहू द्या यंदा. त्यांच्यातला एक म्हणाला, “मास्तर, आमी हाव की.” बाकावरची पोरं उतरवली. पहिल्याच फेरीत हरलो. पण त्या पोरांना मी उपाशी खेळवलं नव्हतं. घरोघर मागून त्यांना रोज दूध पाजलं होतं.

तारामतीला हाक मारली. म्हणालो, नांदेडला फोन लाव. ती पदराने डोळे पुसायला लागली. मी म्हणालो, आता कशाला, बॅग तर भरलेलीच आहे.

२९ ऑगस्ट

निजामच्या दुकानात गेलो. तो ताडपत्रीला कड्या ठोकत होता. मी म्हणालो, “बारा तारखेला आहे.” त्याने हातोडी खाली ठेवली. मी म्हणालो, “त्यांना विचारलं. दार उघडं ठेवता येत नाही म्हणतात.” एवढंच म्हणालो. तो म्हणाला, “मी दाराला टेकून बसतो. आपलीच ताडपत्री अंथरून. आतून बाहेर कुणी येणार असंल तर मला ओलांडून यावं लागंल.”

मग दोघांनी चहा घेतला. रक्तदाब १४०/८४. पुष्कळ दिवसांनी कमी आला.

११ सप्टेंबर, नांदेड

उद्या सकाळी. वकार, मनतशा, चांदबी वहिनी, सगळे आलेत. तारामतीने माझ्या कपाळाला विभूती लावली, चांदबी वहिनींनी काहीतरी पुटपुटत फुंकर मारली. दोन्हीकडून बंदोबस्त झाला.

भीती वाटतेय. लिहिलं. आता वाटतेय तर वाटतेय.

२३ सप्टेंबर

अक्षर वाकडं येतंय. बारा दिवसांनी डायरी हातात दिली.

जेवढं आठवतं ते असं. सकाळी ढकलगाडीवर उताणं निजवलं. छतावरचे दिवे मागे जाऊ लागले. दाराशी आलो आणि पुढचा अंधार दिसला. माझे हात घट्ट झाले, मी उठायला लागलो, बाई मला धरू लागल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा.

“सिद्राम, तुझी पाठ लागली होती!”

मी ओरडलो, “नव्हती!” त्याने पुन्हा म्हटलं. मी पुन्हा. दार लागलं तरी तो बाहेरून म्हणतच होता. डॉक्टर म्हणाले, हे काय चाललंय? मी त्यांना एक्काहत्तर सालची हकीकत सांगायला घेतली, पंच कोण होते इथपर्यंत आलो, आणि पुढचं आठवत नाही.

पुढचं तारामतीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढली, तेव्हा मी पहिलं वाक्य काय बोललो? “पाठ लागली नव्हती.” नर्स बाईंनी डॉक्टरांना बोलावलं आणि डॉक्टरांनी माझी पाठ तपासली. मग बाई बाहेर येऊन नातेवाईकांना विचारू लागल्या, आजोबांना पाठीचा काही जुना त्रास आहे का? निजाम दोन दिवस सगळ्यांना हसवत ताडपत्रीवर बसून होता. हे ऐकलं आणि लहान पोरासारखा रडला म्हणे.

आज तो खाटेशेजारी बसलेला असताना मी विचारलं, “का रडलास?”

म्हणाला, “जाऊ दे. तू म्हणतोस तर न्हाई लागली. हरलो मी.”

एक्केचाळीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. आणि ऐकलं तेव्हा, खरं सांगतो, नको झालं. त्या ढिगाऱ्याखालची ती सकाळ, वरून येणारा त्याचा आवाज, मी गप्प झालो की त्याचं पुन्हा सुरू होणं, सगळं एकदम समोर आलं. किती ठोंब्या माणूस मी.

मी त्याचा हात धरला. म्हणालो, “असं कबूल करू नको. परत कधी मला अंधारातनं काढायचं झालं, तर काय बोलशील?”

त्याने बाहीने डोळे पुसले, नाक शिंकरलं, घसा साफ केला.

“लागली होती,” म्हणाला.

आता कुठे बरं वाटलं. रक्तदाब १२४/८०.